वहिनींनी पडून पाहिलेली घड्याळं

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी जगातली एकही गोष्ट आजवर नुसत्या शब्दावर घेतलेली नाही. माणूस असो, वांगं असो की वजनकाटा, त्यांच्या हाताखालून तावूनसुलाखून निघाल्याशिवाय आमच्या घरात त्याला थारा नाही. माझंच बघा. मला बघायला आले तेव्हा कुणी स्वयंपाकाचं विचारलं, कुणी गाण्याचं. वहिनींनी, म्हणजे याच जाऊबाईंनी, उंची विचारली. बायोडेटात होती ती मी सांगितली. त्यांनी मान डोलावली, पोहे संपवले आणि निघता निघता "जरा इथे उभी राहतेस का गं" म्हणून मला आतल्या खोलीत दाराच्या चौकटीला टेकवून पर्समधल्या टेपने मोजलं. बायोडेटा लिहिताना माझ्या वडिलांनी दोन बोटं जास्तीची घातली होती, ती तिथेच उघडी पडली. वहिनींनी टेप गुंडाळली, माझ्या पायांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "उंच टाचांच्या चपला घालतेस ना? टाचांसकट आकडा बरोबर आहे." ती गोष्ट त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेली नाही. सासरी होकार कळवताना माझ्या मनात नवऱ्याइतक्याच या बाईही होत्या.

वहिनींचा धंदाच तसला. शारजाच्या औद्योगिक भागात एक प्रयोगशाळा आहे, तिथे कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर आणि प्रेशर मोजायचे गेज तपासणीसाठी येतात. वहिनी ते एका पक्क्या, खात्रीच्या मापाशी ताडून बघतात आणि निकाल लावतात. पास झालेल्याला हिरवा स्टिकर, नापासाला लाल, आणि थोडं बरं थोडं वाईट असलेल्याला पिवळा, म्हणजे फक्त ठरावीक कामापुरतं वापरा. हे स्टिकर कधीतरी पर्समधून घरी आले आणि अजमानच्या त्यांच्या फ्लॅटला रंग चढला. ओव्हनला पिवळा, बाथरूममधल्या वजनकाट्याला लाल, आणि दूध मोजायच्या भांड्याला हिरवा. थोरल्या दिरांनी, म्हणजे आमच्या दादांनी, एकदा झोपेतून उठल्यावर आरशात बघितलं तर कपाळावर पिवळा स्टिकर होता. आदल्या दिवशी त्यांनी भाजी आणली होती, पण कोथिंबीर विसरले होते.

दुबईतल्या ‘बर दुबई’ भागात साड्यांच्या खरेदीला वहिनींबरोबर जाणं हा तर सोहळाच असतो. मीना बाजारातल्या एका दुकानात ब्लाउजपीस मोजून घेताना त्यांनी गल्ल्यावरच्या शेठजींना मोजायची पट्टी मागितली आणि पर्समधल्या टेपशेजारी ठेवली. शेठजी दुखावले. म्हणाले, "मॅडम, पच्चीस साल से दुकान है." वहिनी अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "पट्टी भी पच्चीस साल की है ना शेठजी, इसीलिए पूछा." पट्टी घासून घासून नखभर झिजलेली निघाली, आणि त्यात नुकसान गिऱ्हाइकाचं झालं की दुकानदाराचं, यावर दोघांनी मिळून चहा पीत बराच वेळ हिशेब केला. निघताना शेठजींनी त्यांना "बहनजी" म्हटलं. त्यानंतर मीना बाजारात आमची ओळख ‘पट्टीवाली मॅडम के रिश्तेदार’ अशी झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला. जावाजावांचं पटत नाही असा जगाचा समज आहे. आम्ही अल ऐनला राहतो, त्या अजमानला, मधे दीड-दोन तासांचं वाळवंट आहे, म्हणून पटतं असं माझा नवरा म्हणतो. त्याला कोण विचारतं.

तर अशा या बाईंवर गेल्या श्रावणात घरातलं सगळ्यात अवघड काम येऊन पडलं. आमच्या सासूबाई कराडला फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, सासरे गेल्यावरही दोन्ही मुलांच्या घरी कायमचं यायला त्यांनी साफ नकार दिला. एक उन्हाळा त्यांनी अजमानला काढून बघितला होता. "खिडकी उघडायची नाही, बाहेर पडायचं नाही, आणि बोलायला कोण, तर फ्रिज," असं म्हणून त्या परत गेल्या. कराडला त्यांची संध्याकाळची कृष्णाघाटावरची बाकं आहेत, वाचनालय आहे, जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. श्रावणातल्या एका सकाळी त्या बाथरूममध्ये खाली गेल्या आणि त्यांना उठता येईना. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून शेजारच्या काकूंकडून किल्ली आणली, तोपर्यंत आई फरशीवरच होत्या. हाडबीड काही मोडलं नाही. त्यांनी आम्हाला सांगितलंही नाही. शेजारच्या काकूंनी कळवलं तेव्हा त्या फोनवर चिडून म्हणाल्या, "मी पडले नाही. भिंतीला धरून खाली बसले. उठता आलं नाही, एवढंच."

एवढंच ऐकून दोन्ही मुलांचा धीर सुटला. दादांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "आईला इथे आणायचं. खलास." आई म्हणाल्या, "मला उचलून न्यावं लागेल." दोन-तीन आठवडे फोनवर नुसती धुसफूस चालली. मग माझ्या नवऱ्याने तोड काढली. हल्ली मनगटावरची स्मार्टवॉच माणूस पडला की आपोआप घरच्यांना फोन करतात म्हणे, नाडी बघतात, झोप बघतात. तसलं एक भरवशाचं घड्याळ आईला द्यावं. भरवशाचं मिळालं तर आई कराडला राहील, नाही मिळालं तर अजमानला येईल. आईंनी ते मान्य केलं, कारण परीक्षा म्हटल्यावर शिक्षकाला नाही म्हणता येत नाही. आणि भरवशाचं आहे की नाही हे ठरवणार कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी अजमानकडे बघितलं.

वहिनींनी घड्याळं जमवली. दोन विकत घेतली, एक त्यांच्या ऑफिसातल्या फिलिपिनो मैत्रिणीचं मागून आणलं, एक माझ्या नवऱ्याच्या मनगटावरून उतरवून घेतलं. दोन्ही हातांत दोन-दोन घड्याळं घालून त्या हिंडू लागल्या, तेव्हा लिफ्टमध्ये भेटणारी माणसं त्यांना वेळ विचारायची आणि "कोणती?" असा प्रश्न ऐकून मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला लागायची. सुरुवात त्यांनी पावलांपासून केली. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत त्या तासभर चालल्या, घड्याळांच्या मते त्या एका जागी उभ्या होत्या, कारण हात हलत नव्हते. घरी येऊन कणीक मळली, तर घड्याळांनी त्यांना लांबवर फिरायला गेल्याबद्दल शाबासकी दिली. गणपतीत आमच्याकडे आरतीला सगळे जमलो होतो. वहिनी टाळ वाजवत होत्या. आरती संपली तेव्हा एक घड्याळ म्हणत होतं की बाईंनी चांगलंच पोहून घेतलं आहे. वहिनींनी प्रसाद वाटता वाटता तो निकाल सगळ्यांना वाचून दाखवला आणि त्या घड्याळाला पाण्याचा फार लळा दिसतो, असं म्हणून बाजूला ठेवलं.

नाडीची परीक्षा मात्र गंभीरपणे झाली. त्यांच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहते, तिने मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, वहिनींनी घड्याळात बघायचं, असं बसून, उभं राहून, जिना चढून झालं. त्यात दोन घड्याळं बऱ्यापैकी उतरली. झोपेत सगळी नापास. सकाळी एका घड्याळाने ‘उत्तम झोप’ म्हणून अभिनंदन केलं, तर वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मी डोळे उघडे ठेवून पडले होते. हलले नाही म्हणजे झोपले असं नसतं बाबा." त्या का जाग्या होत्या हे मी विचारलं नाही. आईंना शब्द दिला होता त्यांनी, एवढं मला माहीत होतं. आईंनी त्यांना एकटीला फोन करून सांगितलं होतं, "तू नीट बघ. तुझ्या हातात आहे." वहिनींना आई नाही, लग्नाआधीच गेली. या घरात आल्यापासून त्यांनी ज्यांना आई म्हटलं त्या याच.

आणि मग सुरू झालं पडणं. पडल्यावर घड्याळ फोन करतं की नाही हे बघायचं, तर कुणीतरी पडायला हवं, आणि दुसऱ्याच्या पडण्यावर वहिनींचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारी, पंजाबी ड्रेसच्या आत जुने उशांचे अभ्रे घड्या करून बांधायची आणि गादीवर पडायची. पुढे पडायची, मागे पडायची, कुशीवर पडायची. पडून झाल्यावर तशीच निपचित राहायची, कारण माणूस हलला तर घड्याळ समजतं की सगळं ठीक आहे. माझी मुलगी सुट्टीत तिकडे गेली होती. तिने एक पडणं बघितलं आणि सोफ्यावरूनच म्हणाली, "काकू, दॅट वॉज टू ड्रामॅटिक." वहिनींनी ती सूचना स्वीकारली आणि पुन्हा पडल्या, जरा कमी नाट्यपूर्ण.

गादी मऊ पडते म्हणून त्या इमारतीच्या मागच्या पार्किंगशेजारच्या वाळूत गेल्या. तिथे त्यांना धाडकन पडताना बघून पेशावरचा वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "मॅडम, ॲम्ब्युलन्स बुलाऊँ?" वहिनी निपचितच होत्या, ओठ न हलवता म्हणाल्या, "भैया, अभी मत बोलो. गिरने का टेस्ट चल रहा है." त्या बिचाऱ्याला काय कळणार. पण तीन-चार दिवसांत तो तरबेज झाला. लांबूनच ओरडून सांगायचा, "मॅडम, आज अच्छा गिरा." घड्याळांनी करायचे फोन दादांच्या नंबरावर जोडले होते. पहिला फोन गेला तेव्हा दादा जेबेल अलीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ‘तुमच्या पत्नी पडल्या आहेत’ हे स्क्रीनवर वाचून ते कागद टाकून गाडीकडे धावले, अर्ध्या वाटेत वहिनींचा फोन आला, "अहो, पास. परत जा." त्यानंतर तसले इतके फोन आले की दादांचा इजिप्शियन साहेबच स्क्रीनकडे बघून विचारू लागला, "हबीबी, युअर वाइफ इज ऑन द फ्लोर अगेन?" आणि दादा मान हलवून मीटिंग पुढे चालू ठेवायचे.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, घड्याळ पास होत आलं. आम्हालाही तसंच वाटलं. मी तर आईंना फोनवर सांगूनही टाकलं की काळजी करू नका, वहिनी पडताहेत आणि घड्याळ वाजतंय. पण वहिनी नुसत्या पडून थांबणाऱ्या नव्हत्या. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, तर घड्याळाने दादांना कळवलं की पत्नी पडल्या. दादा नारळाचे तुकडे गोळा करायला शेजारीच उभे होते. वहिनी विचारात पडल्या. त्या संध्याकाळी त्या बाथरूममध्ये गेल्या, भिंतीला पाठ लावली आणि आई सांगत होत्या तशा भिंतीला धरून हळूहळू खाली घसरत बसल्या. घड्याळ गप्प. पुन्हा घसरल्या. गप्प. दुसरं घड्याळ घातलं, तेही गप्प. घड्याळाला धक्का कळत होता, धक्का न बसता खाली जाणारं माणूस कळत नव्हतं. मी तेव्हा तिथेच होते. बाथरूमच्या फरशीवर पाय पसरून बसलेल्या वहिनी मला म्हणाल्या, "आई खरं सांगत होत्या गं. त्या पडल्याच नव्हत्या. आणि आपण सगळ्यांनी त्यांना गप्प केलं."

मी तिथेच दारात टेकले. मला आईंचा तो अजमानचा उन्हाळा आठवत होता, बंद काचेशी खुर्ची लावून खालचे पार्किंगमधले लोक बघत बसणाऱ्या आई. मी म्हटलं, "वहिनी, बाकी पडण्यात आणि नाडीत पास आहे ना? मग लावा हिरवा. कोण बघतंय? आईंना तिथे राहायला मिळेल." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही तेच करावंसं वाटतंय. पण खोटा हिरवा लावला आणि उद्या आई तशाच बसल्या फरशीवर, तर तो स्टिकर त्यांना उचलणार आहे का?" मग त्यांनी उठायला हात पुढे केला. मी धरायच्या आधीच मागे घेतला आणि म्हणाल्या, "थांब. नको. बघू दे मला." मला वाटलं, नवीन काही खूळ निघालं.

दसऱ्याला सगळे अजमानला जमलो. जेवणं झाली, आपट्याची पानं वाटून झाली, आणि टेबलावर फोन उभा करून आईंना व्हिडिओवर घेतलं. आईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केस नीट बांधले होते, निकालाच्या दिवशी शाळेत जायच्या तशा. वहिनींनी घड्याळं ओळीने मांडली आणि एकेकाला लाल स्टिकर लावला. एकाला पिवळा लावला, नाडी आणि वेळ बघण्यापुरतं. "पडल्याचं कळवायला एकही पास नाही," त्या म्हणाल्या. "आई जशा खाली गेल्या तसं गेलं तर यांना कळत नाही." फोनमध्ये आईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. दादा घसा साफ करून म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणे. मी व्हिसाचं बघतो. आई, तू आवराआवर सुरू कर." आई म्हणाल्या, "बरं." त्यांचं ते ‘बरं’ मला सहन झालं नाही, मी ताटं उचलायच्या निमित्ताने उठले.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, थांबा. माझं संपलेलं नाही. घड्याळ नापास झालंय, आई नाही." दादा म्हणाले, "म्हणजे काय?" वहिनी म्हणाल्या, "म्हणजे टेस्टच चुकीची लिहिली आपण. समजा घड्याळ पास झालं. आई खाली गेल्या, तुमचा फोन वाजला. तुम्ही जेबेल अलीला, भाऊजी अल ऐनला. फोन वाजल्याने त्या उठणार आहेत का? त्यांनी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? उठता आलं नाही, एवढंच. ते ‘एवढंच’ कुणी तपासलं नाही. मी या महिन्यात जितकी पडले तितकीच उठले. आधी माझाही तमाशा व्हायचा. नंतर आमच्या इमारतीतल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंना विचारलं, त्यांनी शिकवलं. आता मला कुणी हात द्यावा लागत नाही, आणि माझे गुडघे आईंच्यापेक्षा वाईट आहेत. दिवाळीला मी कराडला जाते. रजा शिल्लक आहे. आई एकट्या उठल्या तर राहतील तिथे. नाही उठल्या तर मीच घेऊन येते." दादा काही बोलणार इतक्यात फोनमधून आईंचा आवाज आला. चष्मा परत चढला होता. "ये," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. एक देऊन बघते."

वहिनींनी कराडला काय काय केलं ते आम्हाला फोनवर तुकड्यातुकड्याने कळायचं. गेल्या गेल्या त्यांनी बाथरूमच्या भिंतीत धरायचे दांडे बसवून घेतले आणि प्रत्येकाला स्वतः लोंबकळून बघितलं. प्लंबर म्हणाला, "ताई, हत्ती बांधला तरी निघायचं नाही." ताईंनी हत्ती कुठून आणायचा म्हणून प्लंबरलाच लोंबकळायला लावलं. डॉक्टरांना विचारून घेतलं, मग सतरंजी अंथरली. रोज चकल्या तळून झाल्या की सासूसुना सतरंजीवर. आधी वहिनींनी आडवं व्हायचं आणि उठून दाखवायचं, मग आईंनी. शेजारच्या काकू बघायला म्हणून आल्या आणि त्याही आडव्या झाल्या. आई आम्हाला फोन करून वहिनींना नावं ठेवायच्या, "हिला शिकवायचा काही अनुभव नाही. एकच गोष्ट सारखी सांगते." हे तक्रारीच्या सुरात होतं, पण किती दिवसांनी आईंचा आवाज असा खणखणीत ऐकला होता.

भाऊबीजेला परीक्षा झाली. आम्ही इकडे अजमानला सोफ्यावर दाटीवाटीने बसून फोनकडे बघत होतो. वहिनींनी तिकडे फोन टीव्हीच्या कपाटावर टेकवून ठेवला होता. आई बाथरूमच्या बाहेर भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, मग पूर्ण आडव्या झाल्या. जवळ एक लाकडी खुर्ची होती. वहिनी तीन पावलांवर उभ्या, हात पाठीमागे बांधून. आईंनी जरा श्वास घेतला, कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या. मग हात टेकून गुडघ्यांवर. खुर्चीपर्यंत रांगत गेल्या. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवले, एक पाऊल पुढे टेकलं आणि तिथे अडकल्या. पुन्हा गुडघ्यावर बसल्या. इकडे दादा उभे राहिले. "अगं, धर तिला," ते फोनमध्ये म्हणाले. "बघत काय उभी आहेस?" वहिनी हलल्या नाहीत. माझ्या नवऱ्याने मान फिरवली. दादा जवळजवळ ओरडलेच, "ती माझी आई आहे." वहिनींनी आमच्याकडे न बघता म्हटलं, "माझीही. म्हणून उभी आहे."

त्यांचे पाठीमागे बांधलेले हात आम्हाला त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या आरशात दिसत होते. एका हाताने दुसरं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या मांसात रुतल्या होत्या. आयुष्यात मी पुष्कळ माणसांना मदत करताना बघितलं आहे, मदत न करण्याचे इतके कष्ट मी कुणाला पडताना बघितले नाहीत. आईंनी दुसऱ्यांदा पाऊल टेकलं, खुर्चीवर भार दिला, तोंडाने "हं" असं केलं आणि उठल्या. वळून खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. मग वहिनींकडे बघून म्हणाल्या, "आता कुणी पाणी देणार, की त्याचीही परीक्षा आहे?" वहिनी फोन घ्यायला पुढे आल्या आणि त्यांनी तो घेऊन कुठेतरी पालथा ठेवला असावा, कारण पुढे बराच वेळ आम्हाला नुसता अंधार दिसला आणि आईंचा आवाज ऐकू आला, "अगं, असं काय करतेस, पास झाले ना मी." आम्ही कुणीही फोन बंद केला नाही. दादांनी सोफ्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

आई कराडलाच आहेत. पिवळ्या स्टिकरचं घड्याळ हातात घालून घाटावर जातात आणि बाकावरच्या मैत्रिणींना, हे फक्त वेळ आणि नाडी सांगतं, बाकी सगळं मी बघते, असं सांगतात. शेजारच्या काकूंनी गल्लीतल्या आणखी बायकांना सतरंजीवर आणलं आहे. अल ऐनमध्ये कुणी नवीन भेटलं आणि बोलता बोलता आईवडिलांची काळजी निघाली, की मी हटकून सांगते, आमच्या थोरल्या जाऊबाईंना विचारा. ‘आमच्या’ या शब्दावर माझा जरा जास्तच जोर पडतो, असं माझा नवरा म्हणतो. पडू दे.

परवा थंडीत आम्ही अजमानला गेलो होतो. संध्याकाळी मी आणि वहिनी समुद्रावर गेलो. पुरुष मागे गाडीत कसलंसं क्रिकेट ऐकत बसले होते. चालता चालता वहिनी थांबल्या आणि वाळूत बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि सावकाश उठू लागल्या. मी विचारलं, "आता कुणाचं घड्याळ?" त्या म्हणाल्या, "घड्याळ नाही गं. माझंच बघतेय." मग वाळू झटकत म्हणाल्या, "यांच्या रिटायरमेंटला फार दिवस नाहीत. नोकरी संपली की व्हिसा खलास. परत जायचं, पण कुठे, ते अजून ठरत नाही. आमची मुलगी कॅनडातून काही परत येत नाही. दोघंच असू. मग एक जण असेल." त्यांनी हे भाजीबद्दल बोलावं तसं सांगितलं. आमचंही तेच आहे, हे मला माहीत होतं, पण मी ते कधी मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे इथे भाड्याच्या घरांत आयुष्य काढतो, मुलं वाढवतो, आणि म्हातारपण मात्र कुठल्यातरी गावात, जिथले आपण आता उरलेलो नाही, तिथे जाऊन काढायचं असतं.

वहिनींनी पुन्हा गुडघा टेकला. या वेळी त्यांना जरा वेळ लागला. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला, पाठीमागे नेऊन धरून ठेवला. समुद्रावर अंधारून येत होतं, लांब कुणीतरी मुलांना परत बोलावत होतं. त्या उठल्या, माझ्याकडे बघून हसल्या. मग मीही साडी सावरून वाळूत बसले.